एआयबीईला बसताय? आधी खात्रीच्या गोष्टी तपासा

"पुस्तक घेऊन बसायचं असतं हो, त्यात कसला आलाय अभ्यास!" ऑल इंडिया बार एक्झाम, म्हणजे एआयबीई, ही कायद्याच्या पदवीनंतर वकिली करत राहण्यासाठी पास व्हावी लागणारी परीक्षा. तिच्याबद्दल हे वाक्य आमच्या बार रूममध्ये कायम ऐकू येतं. म्हणणारे बहुतेक असे वकील असतात ज्यांना ही परीक्षा द्यावीच लागलेली नाही. २००९-१० च्या आधी ज्यांनी पदवी घेतली त्यांना ती लागूच नाही, आणि पहिली परीक्षा झाली ती मार्च २०११ मध्ये. त्यामुळे या बाबतीत सिनियरांचा सल्ला प्रेमाने ऐकायचा आणि तिथेच सोडून यायचं.

मी आयुष्याचा मोठा भाग बँकेच्या काउंटरवर घालवला. स्वेच्छानिवृत्ती घेऊन तीन वर्षांचं एलएलबी केलं आणि केस पांढरे झाल्यावर पुण्याला जाऊन हा पेपर दिला. आता साताऱ्यात काम करते. ऑफिसमध्ये येणाऱ्या ज्युनिअर पोरापोरींची तयारी करून घेणं हे ओघानेच माझ्याकडे आलंय. त्यांना तोंडी सांगते तेच इथे लिहितेय.

नियमांचं आधी उरकून टाकते. शंभर प्रश्न, शंभर गुण, चार पर्यायांतून एक निवडायचा. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या आणि ओबीसी गटाला ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०. पेपर मराठीतूनही देता येतो. तात्पुरती सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यावर पास व्हायला दोन वर्षं असतात. आणि पुस्तक म्हणजे कुठलंही पुस्तक नव्हे. २०२१ पासून वर्गात फक्त बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर छापलेली पुस्तकं, नेता येतात, तेसुद्धा टिपणं आणि भाष्य नसलेले. गाइड, प्रश्नसंच, हाताने लिहिलेल्या नोट्स, काही चालत नाही. जुने व्हिडिओ बघून गाइड घेऊन येणारे आणि ते दारातच ठेवून आत जाणारे अजून दिसतात.

पुस्तक नेमकं कधी उघडत नाही

आता मुद्द्याचं. उत्तर येत नसेल तर माणूस पुस्तक उघडतोच, ते शिकवावं लागत नाही. पंचाईत होते ती येत असलेल्या प्रश्नांची. ज्याची खात्री आहे ते कोण कशाला शोधत बसेल? आणि आपल्या खात्रीच्या बऱ्याच गोष्टी आल्यात कुठून? सिनेमातल्या कोर्टातून, वर्तमानपत्राच्या मथळ्यांतून, सोसायटीच्या मीटिंगमधून आणि कायद्याचं सगळं कळणाऱ्या एखाद्या काकांकडून. तीन किंवा पाच वर्षं कॉलेज करूनही त्या पुसल्या जात नाहीत. चार पर्यायांपैकी एक पर्याय नेमका त्या काकांचा असतो.

म्हणून माझ्याकडे तयारीची सुरुवात वाचनाने होत नाही. एक दोनशे पानी वही घ्यायची. बेअर ॲक्ट बंद ठेवून, कायद्याबद्दल जे जे 'अर्थातच असं आहे' वाटतं ते एका ओळीत एक असं लिहून काढायचं. घरच्यांनाही विचारायचं, त्यांच्याकडचा माल जास्त चांगला असतो. मग प्रत्येक ओळीसमोर कलम शोधायचं. ओळ बरोबर निघाली तर नुसता आकडा लिहायचा. चूक निघाली तर कलमाचे शब्द स्वतःच्या हाताने उतरवून घ्यायचे. अशा पन्नास-साठ ओळी झाल्या की तुम्ही निम्मी पुस्तकं उलटीपालटी केलेली असतात, आणि तीही कंटाळा न येता.

माझ्या ज्युनिअरांच्या वह्यांतून सर्वांत जास्त वेळा निघणारी ओळ अशी: "जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं." ही ओळ तपासायला एक तास दिला तरी कमीच, कारण तिच्यात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी आहे. चौदा हा आकडा येतो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ४७५ मधून. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, तर निदान चौदा वर्षं तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येणार नाही, असं ते कलम म्हणतं. म्हणजे तो किमान आकडा आहे, शिक्षेची लांबी नव्हे. दुसरा आकडा वीस. तो भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांच्या नव्या कायद्याच्या, कलम ६ मध्ये आहे, आणि शिक्षेचा अंश काढायचा असेल, म्हणजे 'जन्मठेपेच्या निम्मी' असला हिशोब, तेवढ्यापुरताच. तिसरी गोष्ट म्हणजे खुद्द जन्मठेप, आणि ती उरलेल्या सगळ्या आयुष्याची. हे ठरलं ते आपल्याच राज्याच्या खटल्यात: गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६१. मिळालेली सूट धरून आपली वीस वर्षं भरली, आता सोडा, असा त्यांचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि सांगितलं की शासनाने शिक्षा माफ केल्याशिवाय आपोआप सुटका होत नाही. प्रश्नात १४, २०, 'उर्वरित आयुष्य' आणि आणखी काहीतरी असे पर्याय दिले, तर प्रश्नाचा शब्द कोणता आहे त्यावर उत्तर बदलेल. इथे पुस्तक उघडायलाच हवं, कितीही पाठ असलं तरी.

बाकीच्या ओळी भराभर सांगते. "संध्याकाळनंतर बाईला अटक करताच येत नाही." करता येते, अपवादात्मक परिस्थितीत, महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३(५). "गुन्हा जिथे घडला त्याच ठाण्यात एफआयआर." नाही, हद्द कुठलीही असो, त्याच संहितेचं कलम १७३(१), इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही माहिती देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. "पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही हवीच." उलट आहे. तपासात दिलेला जबाब लिहून घेतला तरी त्यावर देणाऱ्याची सही घ्यायची नसते, तिथलंच कलम १८१. "हिंदी राष्ट्रभाषा आहे." अनुच्छेद ३४३ वाचा, तिथे संघराज्याची राजभाषा म्हटलंय. "मालमत्ता हा मूलभूत हक्क." होता. ४४ व्या घटनादुरुस्तीने काढला, आता अनुच्छेद ३००-अ खाली घटनात्मक हक्क आहे. "मृत्युपत्र नोंदवलं नाही तर रद्दी." नोंदणी ऐच्छिक आहे, स्टॅम्प पेपरही लागत नाही. साक्षीदार मात्र दोन हवेत, भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५, कलम ६३. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी लावली की दुकानदार मोकळा, असंही अर्ध्या वह्यांत असतं. माल सदोष असेल आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

चेकबद्दल थोडं जास्त लिहिणार, कारण यात माझं आयुष्य गेलंय. परत आलेला चेक हातात घेऊन "आता थेट पोलिसात जातो" म्हणणारी माणसं मी काउंटरवर रोज पाहिली. चलनक्षम दस्तऐवज अधिनियमाचं कलम १३८ नुसतं 'चेक बाउन्स म्हणजे गुन्हा' म्हणत नाही. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे द्यायला आहेत. तेवढ्यात दिले नाहीत तर गुन्हा पूर्ण होतो आणि त्यापुढे एक महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, ती कलम १४२ मध्ये. तीन मुदती, दोन कलमं. त्यामुळे पर्यायांत ३०, १५ आणि एक महिना यांची अदलाबदल करायला प्रश्न काढणाऱ्याला फार सोपं जातं. अजून एक खोच आहे. चेक तीन महिने चालतो हे बँकेत येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, कारण रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून तसं केलं. पण कलम १३८ च्या परंतुकात, म्हणजे 'परंतु' म्हणून जोडलेल्या अटीत, आजही 'सहा महिने किंवा चेकची वैधता, यांपैकी जे आधी' असंच छापलेलं आहे. कलमानुसार काय, असा प्रश्न आला तर कलमाचे शब्द. व्यवहारात किती, तर तीन महिने. बँकेतले लोक इथे हमखास घाईत उत्तर देतात.

नॉमिनीचंही लिहिते, जरी ते बेअर ॲक्टमध्ये सरळ सापडत नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, शेअर्सच्या बाबतीतसुद्धा नव्हे. शक्ती यझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर, सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर २०२३. हा निकाल मी सगळ्यांना पाठ करायला लावते. परीक्षेत येवो न येवो, पहिल्या महिन्यात पक्षकार हेच विचारायला येतो.

तोच आकडा, वेगळं कलम

१ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे (न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याचा साक्ष्य अधिनियम) लागू झाले आणि खात्रीच्या वहीत एक नवीनच विभाग उघडावा लागला. जुने आकडे आपल्या बोलण्यात इतके मुरलेत की ते कायद्यातून गेले तरी तोंडातून जात नाहीत. नुसतं "खुनाचं ३०२ आता १०३" असं पाठ करून भागत नाही. ३०२ हा आकडा नव्या न्याय संहितेतही आहे, आणि तिथे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याचा गुन्हा बसलाय. म्हणून मी दोन नव्हे, तीन रकाने करायला सांगते: जुना आकडा, त्याचं नवं घर, आणि त्या जुन्या आकड्यावर आता कोण राहतंय.

काही ओळी देते, बाकीच्या स्वतः भरा. जुनं ३०७, खुनाचा प्रयत्न, गेलं १०९ वर. आताचं ३०७ चोरीच्या प्रकरणात आहे. जुनं ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवध, आता १०५. आणि आताचं ३०४ म्हणजे हिसकावून नेणं, जो स्वतंत्र गुन्हा म्हणून नव्यानेच आला. ४२० गेलं ३१८(४) मध्ये, आणि नव्या संहितेत एकूण कलमंच ३५८ असल्यामुळे ४२० हा आकडा आता तिथे उरलेलाच नाही. प्रक्रियेच्या कायद्यात तर जास्तच मजा आहे. '१४४ लागू' असं अजून सगळीकडे म्हणतात, पण तो अधिकार आता कलम १६३ मध्ये आहे. नव्या संहितेचं १४४ हे पत्नी, मुलं आणि आईवडिलांच्या पोटगीचं कलम, म्हणजे जुनं १२५. जुनं ४८२ हे उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचं, ते आता ५२८. आणि आताचं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ होता. ज्याने एक वर्ष सिनियरच्या हाताखाली ४३८ चे अर्ज टाइप केलेत, त्याच्या बोटांवर माझा विश्वास नाही. त्याने प्रत्येक वेळी पान उघडावं.

पानापर्यंत पोचण्याचा सराव

या परीक्षेत वेळ खातं ते शोधणं. वेळ प्रवेशपत्रावर बघा, पण सराव तीन तास धरूनच करा. प्रश्नामागे सरासरी एक मिनिट ४८ सेकंद मिळतात, त्यात प्रश्न वाचणंही आलं.

एकेक कलम पाठ करू नका, गट कुठून कुठे हे डोक्यात बसवा. न्याय संहितेत सर्वसाधारण अपवाद १४ ते ४४, स्त्रिया आणि मुलांविरुद्धचे गुन्हे ६३ ते ९९, शरीराविरुद्धचे १०० ते १४६, मालमत्तेविरुद्धचे ३०३ ते ३३४. साक्ष्य अधिनियमात सिद्धतेचा भार १०४ पासून, साक्षीदारांची तपासणी १४० पासून. सुरक्षा संहितेत अटक ३५ पासून, जामीन ४७८ पासून. दिवाणी प्रक्रिया संहितेचा स्वभाव वेगळा: १५८ कलमं एकीकडे आणि ५१ आदेश पुढे पहिल्या अनुसूचीत. 'दावापत्र नामंजूर' कलमांत शोधणारा शोधतच राहतो, ते आदेश ७ नियम ११ मध्ये आहे. तात्पुरता मनाईहुकूम आदेश ३९. पण पूर्वन्याय (एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा चालवता येत नाही, हा नियम) मात्र कलम ११. कोणती गोष्ट कलमात आणि कोणती आदेशात, एवढं कळलं तरी या पुस्तकाशी निम्मी ओळख झाली.

आमच्या ऑफिसमध्ये सरावाला सकाळचा पेपर लागतो. एकीने गुन्ह्याची बातमी वाचायची, दुसऱ्याने कलम काढायचं, आणि लगेच सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत जाऊन तो गुन्हा दखलपात्र आहे का, जामीनपात्र आहे का, कोणत्या न्यायालयात चालेल ते सांगायचं. मंगळसूत्र ओढलं, सोसायटीच्या पैशांचा अपहार, ट्रकने उडवलं. सुरुवातीला पाच मिनिटं लागतात. अर्ध्या मिनिटावर आलात की गाइडची आठवणही येत नाही.

गुणांचं गणितही बघून ठेवा. घटना, दिवाणी प्रक्रिया आणि फौजदारी प्रक्रिया प्रत्येकी १०, दंडविधान आणि पुरावा प्रत्येकी ८. पाच पुस्तकांत ४६ गुण. त्यात कौटुंबिक कायदा ८ आणि करार, विशिष्ट अनुतोष, मालमत्ता हस्तांतरण, चलनक्षम दस्तऐवज मिळून ८ धरले की ६२. म्हणून आयकराचा जाडजूड ठोकळा घेऊन जाणाऱ्याला मी विचारते, चार गुणांसाठी एवढी हमाली कशाला? वजनापेक्षा बाकाची रुंदी लक्षात घ्या. बाकावर एका वेळी दोन पुस्तकं जेमतेम उघडी राहतात. बाकीची पायाशी, पाठीचा कणा वर करून, ठरलेल्या क्रमाने.

आणि काही गोष्टी पुस्तकात नाहीतच. जनहित याचिका ४ गुण आणि प्रशासकीय कायदा ३ गुण हे बरेचसे निकालांवर आहेत. हुसैनआरा खातून कशाबद्दल, विशाखा कशाबद्दल, अपकृत्यांत रायलँड्स विरुद्ध फ्लेचरचा नियम काय, हे बेअर ॲक्टच्या कुठल्याही पानावर मिळणार नाही. या गोष्टी रात्री जागून पाठच करायच्या, जुन्या पद्धतीने.

प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती घ्या असं मी सांगते आणि पोरं तोंड वाकडं करतात. पण कारण आहे. एक वाचायला; तिच्यावर खुशाल पेन्सिल चालवा, रंगवा, कोपरे दुमडा. दुसरी परीक्षेला, कोरी. अधोरेखा चालतात का, रंगीत पट्ट्या चिकटवल्या तर चालतात का, हे शेवटी त्या वर्गावरच्या पर्यवेक्षकावर असतं, आणि पेपर सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी त्याच्याशी युक्तिवाद करण्यात काही अर्थ नाही. मात्र कोरी प्रत आणि सरावाची प्रत एकाच प्रकाशकाची, एकाच आवृत्तीची असू द्या. पान डावीकडे वर होतं की उजवीकडे खाली, हे हाताला आठवत असतं. पैसेच नसतील तर तीन फौजदारी कायदे आणि दिवाणी प्रक्रिया एवढ्यांच्या तरी दोन घ्या. बाकीच्यांना पेन्सिल लावू नका.

पेपर तीन फेऱ्यांत सोडवा. पहिल्या फेरीत पुस्तकाला हात न लावता सगळे शंभर वाचायचे, साधारण तासाभरात. शंका नसलेली उत्तरं लगेच ओएमआरवर, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर. खात्रीच्या वहीत चूक निघालेल्या विषयाचा प्रश्न दिसला की उत्तर येत असलं तरी थांबायचं आणि प्रश्नपुस्तिकेत त्याच्यापुढे खूण करायची. न येणाऱ्या प्रश्नांना वेगळी खूण. दुसऱ्या फेरीत पुस्तकं, पण प्रश्नांच्या क्रमाने नाही, पुस्तकाच्या क्रमाने. सुरक्षा संहिता उघडली की तिचे सगळे प्रश्न संपवून मगच ती मिटायची. अडीच मिनिटांत सापडलं नाही तर पुढे. शेवटची पंधरा मिनिटं तिसरी फेरी: जे उरलंय तिथे काहीतरी गोल काळा कराच, गुण कापत नाहीत.

घरी आल्यावर पुस्तकं लगेच माळ्यावर टाकू नका. प्राथमिक उत्तरतालिका येते, तिच्यावर ठरलेल्या मुदतीत हरकत घेता येते, आणि पूर्वीच्या परीक्षांत काही प्रश्न मागेही घेतले गेलेत. प्रश्नपुस्तिकेचा संच कोणता होता ते लिहून ठेवा आणि तालिका एकेक कलम काढून पडताळा. "मला वाटतं बी बरोबर आहे" असं लिहिलेल्या हरकतीचं काही होत नाही. कलम, पोटकलम आणि परंतुक लिहा, त्या पानाची प्रत जोडा.